गुळव्याच्या छातीतली दारं

मु. नांदगाव, ता. कराड, जि. सातारा
१२ नोव्हेंबर १९७८

सिकंदर,

दोन वर्षांनी पत्र आलं म्हणजे याचं काहीतरी काम असणार, असं तू हाजरावहिनींना म्हणशील. बरोबर आहे. काम आहे.

तू सांगलीत डॉक्टरकडं कंपाउंडर, मी इथं गुऱ्हाळावर गुळव्या. एका बाकावर बसून दोघंही सातवी नापास झालो आणि पुढचं आपापलं शिकलो. तू औषधांच्या बाटल्या वाचून शिकलास, मी काहिलीत उकळणारा उसाचा रस बघून. बाकीचे गुळवे पाण्यात थेंब टाकून गोळी होते का बघतात आणि अंदाजानं चुलीवरून काहील उतरवतात. मी पुण्याहून आणलेलं थर्मामीटर लावतो. एकशे अठरा अंश. ऊस कोवळा असला तर एकशे सतरा. लोक मला 'सायंटिस्ट' म्हणतात. कौतुकानं म्हणत नाहीत हे मला कळतं, पण मी ते कौतुकातच धरतो.

तर काम असं. आमच्या गुऱ्हाळावर आकाराम म्हणून जळव्या आहे, चुलवाणात उसाची वाळली चिपाडं सारायचं काम करतो. त्याच्या छातीत दुखतं. मधोमध, कुणी गुळाची ढेप ठेवून वर बसल्यासारखं. डाव्या हाताच्या करंगळीपर्यंत कळ जाते. घाम येतो. गेल्या तीन आठवड्यांचा तक्ता खाली देतो :

२४ ऑक्टोबर, पहाटे ४ वाजून १० मिनिटं, टिकलं ७ मिनिटं.
२९ ऑक्टोबर, ४.२०, ५ मिनिटं.
३ नोव्हेंबर, ३.५५, ९ मिनिटं.
८ नोव्हेंबर, ४.१२, ८ मिनिटं २० सेकंद.

हे हृदयाचं नाही, हे मी सिद्ध केलं आहे. हृदयाचं दुखणं कष्टानं येतं, असं मी मासिकात वाचलंय. हा गडी दिवसभर चार माणसांबरोबर काहील ओढतो आणि काही होत नाही. निजलेला असतानाच दुखतं. कराडला कार्डिओग्रामची पट्टी काढली ती स्वच्छ आली. तिथले डॉक्टर म्हणाले गॅस. गॅसवर एखादी चांगली गोळी पाठव. आकारामचं नाव कुणाला सांगू नकोस. बिचारा लाजाळू आहे.

तुझा
लालासाहेब


सांगली
१९ नोव्हेंबर १९७८

लाला,

आकारामची प्रकृती वाचून वाईट वाटलं. जास्त वाईट यासाठी की मंगळवारी तो तुमच्या गुळाच्या गाडीबरोबर सांगलीला आला होता आणि माझ्यासमोर बसून त्यानं नऊ केळी खाल्ली. छातीचं विचारलं तर म्हणाला, "छातीत? माज्या? मला नखात बी दुखत न्हाई. गुळव्या मातूर पहाटचं घड्याळ बगत बसत्यात, का त्ये सांगत न्हाईत."

आठ मिनिटं वीस सेकंद. अरे, स्वतःच्या मरणाचे सेकंद मोजणारा तालुक्यात एकच आहे.

तुझा तक्ता मी आमच्या डॉक्टर चौगुल्यांना दाखवला. विलायतेत पाच वर्षं हृदयाचं शिकून मागच्या साली आलेत. गॅस म्हणून हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. दोनदा वाचला आणि म्हणाले, "सिकंदर, या माणसाला बोलाव."

त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगतो. हृदयाला रक्त नेणाऱ्या नळ्यांच्या भिंतीत स्नायू असतो. तो नेहमीच जरासा आवळलेला असतो. साऱ्या अंगभरच्या बारीक नळ्यांत तसाच, म्हणून तर रक्ताला दाब राहतो. त्या स्नायूच्या एकेका पेशीला बारीक दारं असतात. दार उघडलं की बाहेरचा कॅल्शियम आत शिरतो आणि पेशी आवळते. मिटलं की सैलावते. कुणाकुणाची दारं अवेळी, एकदम उघडतात. मग धडधाकट नळी मूठ वळावी तशी मिटते आणि हृदयाचा तेवढा तुकडा उपाशी पडतो. हे कष्टात होत नाही. निजलेला असताना, पहाटेच होतं. ती दारं कुणी बघितलीत का, हे तू विचारशीलच, म्हणून मीच विचारलं. नाही बघितली. पेशीतून जाणारी वीज मोजून ती आहेत असं ठरवलंय.

कळ थांबली की पट्टी स्वच्छच येते. ती दुखत असतानाच काढावी लागते. म्हणून तू इथं येऊन चार-पाच दिवस आमच्या दवाखान्यात निजायचं.

कॅल्शियम म्हणजे काय हे तुला समजावं म्हणून सांगतो : तुझ्या चुन्यात असतो ना, तोच.

सिकंदर


नांदगाव
२ डिसेंबर १९७८

सिकंदर,

आकारामबद्दल खोटं लिहिलं, माफ कर. पण खोटं लिहितानाही मी आकडे खरे दिले, याची नोंद घे.

तुझं पत्र मी सहा वेळा वाचलं. शेवटच्या ओळीवर डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चोवीस वर्षं मी रोज उकळत्या रसात चुन्याची निवळी ओततो आणि त्या वाफेत उभा राहतो. तंबाखूला चुना लावतो तो निराळा : दिवसाला अकरा वेळा, मोजलंय. दारं उघडोत की मिटोत, बाहेर कुणी उभंच नसेल तर आत शिरणार कोण? विलायतेत पाच वर्षं राहून डॉक्टरांना हे सुचू नये, याचं मला नवल वाटलं. आणि खरं सांगायचं तर जरा बरंही वाटलं.

२३ नोव्हेंबरपासून मी चुना सोडला. तंबाखू कोरडी खातो. दूध, दही, तीळ, नाचणी बंद. घराच्या भिंतींना चुना लावलाय म्हणून घरी जेवायलासुद्धा पडवीत बसतो. चंद्राबाई म्हणाली, "कुनाचं सुतक धरलंय?" मी म्हणालो, शास्त्राचं. तिला दुखण्याचं काही सांगितलेलं नाही. हंगामात गुळव्या गुऱ्हाळावरच निजतो, त्यामुळं सांगायची वेळच येत नाही.

आणि नऊ दिवसांत एकदाही दुखलं नाही. शून्य.

तेव्हा सांगलीला यायची गरज उरलेली नाही. शिवाय अकरा एकर ऊस उभा आहे. काहील कुणाच्या हाती देऊ? आकारामच्या? तो माणूस चांगला आहे, पण त्याला अंश म्हणजे काय ठाऊक नाही.

गुळातही आता चुना घालत नाही. चुन्याशिवाय बांधलेल्या पहिल्या दोन ढेपा कंडक्टरजवळ दिल्या आहेत. एक तुला, एक डॉक्टरांना. खाऊन कसा लागतो ते कळवा. रंग जरा काळसर आहे.

लालासाहेब


सांगली
१३ डिसेंबर १९७८

लाला,

ढेपा इस्लामपूरपर्यंत ढेपा होत्या, असं कंडक्टर शपथेवर सांगतो. आष्ट्यात त्या गोणपाटातून डोकावू लागल्या. सांगलीच्या स्टँडवर पोचल्या तेव्हा एका तासगावच्या व्यापाऱ्याच्या बेदाण्याच्या पोत्याला मिठी मारून बसल्या होत्या. पोतं सोडवायला तीन माणसं आणि दोन बादल्या गरम पाणी लागलं. व्यापारी तुझा पत्ता मागत होता. मी म्हणालो, हा माल कोल्हापूरचा.

चुन्याशिवाय गूळ बसत नाही, हे मला कंपाउंडरला कळतं. तुला कळत नव्हतं असं नाही. शास्त्र शिरलं आणि गुळव्या बाहेर पडला.

चूक माझीही आहे, ती शेवटची ओळ मी लिहायला नको होती. डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, रक्तातला कॅल्शियम शरीर काटेकोर सांभाळतं. तू खाल्ला नाहीस तर हाडातून काढून घेईल, पण बाहेरची गर्दी कमी होऊ देणार नाही. त्याच्याशिवाय हृदय एक ठोका मारणार नाही. भांडण कॅल्शियमशी नाही, दाराशी आहे. आणि दाराला अडसर घालणारी कॅप्सूल परदेशात निघाली आहे.

मग त्यांनी विचारलं, "तंबाखू सोडली का?" मी म्हणालो, नाही साहेब, चुना सोडला. नळ्या आवळायचं काम तंबाखू करते, लाला. तू चोराला घरात ठेवून शेजाऱ्याला हाकललंस.

नऊ दिवस दुखलं नाही म्हणतोस. हे दुखणं असंच लपतं आणि परत येतं, म्हणाले. विलायतेत त्यांच्या वॉर्डात एक गोदीतला हमाल होता. कष्टाला दुखत नाही म्हणून फुशारकी मारायचा. आवळलेली नळी वेळेत सुटली नाही. एका पहाटे गेला. वय शेहेचाळीस. तू एकोणपन्नास.

सोबत सहा गोळ्या. कळ आली की जिभेखाली एक धरायची. आणि ये.

सिकंदर


नांदगाव
२९ डिसेंबर ७८

सिकंदरभाईंस्नी आकारामचा रामराम.

आवं, मी चवथी शिकलोय, अक्षार गोड मानून घ्या. गुळव्यास्नी न सांगता लिवतोय. त्येंनी तुमास्नी लिवलं नसंल, म्हनून.

परवा पहाटं काहिलीत पयलं आदन वतून मी जाळ घातला हुता. रस नुकता उकळाय लागला हुता. गुळव्या चिपाडाच्या ढिगावर निजलं हुतं. उठून बसलं. त्वांड राखंवानी झालं. मी म्हनलं, काय हुतंय? म्हनलं, "काय न्हाई, तू जाळ बग." आन मला दावाया उटलं आन काहिलीकडं चाललं. चार पावलावर पाय गेलं. मी सदऱ्याला धरलं म्हनून, न्हाईतर रसातच गेलं असतं. सदरा फाटला.

खाली निजवलं तर म्हनत्यात, "चार बारा. लिव." मी म्हनलं काय लिवू? म्हनलं, "येळ लिव." खिशात तुमच्या गोळ्या हुत्या, सहाच्या सहा. म्हनलं आवं खावा की. तर म्हनत्यात, "आदी गोळीबिगर किती टिकतंय ते बगू." आसा मानूस हाय. मीच त्वांड उघडून गोळी कोंबली. लय येळ लागला, पर उतरलं.

आदन करपलं. त्येचं त्यास्नी लय वाईट वाटलं, सोताचं न्हाई. वैनीस्नी सांगायचं न्हाई म्हून शपत घातलीया. तुमास्नी सांगायचं न्हाई आसं म्हनलं न्हाईत, म्हनून लिवलं.

आकाराम


सांगली
१ जानेवारी १९७९

लाला,

आकारामनं कळवलं. त्याच्यावर रागवायचं असेल तर इथं येऊन रागव.

मी तुला चाळीस वर्षं ओळखतो. तू मरायला भीत नाहीस, हे मला ठाऊक आहे. तुला भीती वेगळीच आहे : तू नसताना आकारामनं काहील उतरवली आणि गूळ चांगला निघाला तर?

निघेल. तयारी ठेव.

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं ये. खाट तयार आहे. नाही आलास तर शनिवारी मी येईन, आणि आधी चंद्रावहिनींना भेटेन.

सिकंदर


सांगली, डॉ. चौगुल्यांचा दवाखाना
९ जानेवारी १९७९

चंद्राबाई,

सव्वीस वर्षांत तुला कधी पत्र लिहिलं नाही, त्यामुळं वर काय लिहायचं ते मला येत नाही. आकाराम वाचून दाखवील. आकाराम, जसं आहे तसं वाच, मधे स्वतःचं घालू नकोस.

गुळाच्या भावासाठी सांगलीला चाललो, असं तुला सांगून निघालो ते खोटं होतं. माझ्या छातीत पहाटे दुखतं. ऑक्टोबरपासून इथं येईपर्यंत दहा वेळा. त्यातल्या नऊ वेळा मी वहीत लिहून ठेवलं आणि तुला सांगितलं नाही. दहाव्या वेळी आकारामनं धरलं नसतं तर तुला सांगायला दुसरंच कुणी आलं असतं. सायंटिस्ट माणसाला तपशील सगळे मिळाले. एवढंच सुचलं नाही की हे सगळ्यात आधी घरात सांगायचं असतं.

इथं तीन रात्री काहीच झालं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी दुखण्याची वाट बघत होतो आणि ते येत नव्हतं. मला वाटलं, आता हे दुखणं मला खोटारडा ठरवणार. डॉक्टर शेजारच्या खाटेवर निजायचे, मशीन मधे. सिकंदर खाली सतरंजीवर. तो इतका घोरतो की कळ यायला लाजत असावी.

आज पहाटे चार वाजून अठरा मिनिटांनी आली. मी हाक मारली. मी घड्याळाआधी माणसाला हाक मारली, हे सिकंदरनं मुद्दाम लिहायला सांगितलंय. डॉक्टरांनी तारा लावल्या. पट्टीवरची दोन ठोक्यांमधली रेघ, जी कराडला पाटाच्या पाण्यासारखी सपाट होती, ती डोंगरासारखी वर चढत गेली. मग त्यांनी एक कॅप्सूल दातानं फोडायला लावली. सहा मिनिटांत कळ गेली आणि रेघ खाली आली. दोन्ही पट्ट्या त्यांनी मला शेजारी शेजारी धरून दाखवल्या. मी तज्ज्ञासारखी मान हलवली. खरं तर मला रडू येत होतं.

छातीत गॅस नव्हता. नळीची दारं अवेळी उघडतात. आता रोज तीन कॅप्सूल, त्या दारांना अडसर. त्या इथं मिळत नाहीत; डॉक्टरांचे एक मित्र विलायतेहून पाठवतात. तंबाखू कायमची बंद. दूध-दही चालू. भिंतींनी माझं काही वाकडं केलेलं नव्हतं.

या हंगामात काहील ओढायची नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, उतरवायची कधी हे तरी सांगू का? म्हणाले, बसून सांगा. चंद्राबाई, मी बसून कधी काही सांगितलं आहे का?

आकाराम, पुढचं तुझ्यासाठी आहे, मोठ्यानं वाचू नकोस. निवळी रस तापायला लागल्यावर घाल, आधी नाही. मळी तीनदा काढ. थर्मामीटरची काच हातानं पुसू नकोस. बाकीच्या चौदा सूचना वेगळ्या कागदावर आहेत.

लालासाहेब


नांदगाव
१८ फेब्रुवारी १९७९

सिकंदर,

घरी आल्याला महिना झाला. तुझ्या डॉक्टरांना माझा अहवाल दे.

कळ : एकदा, २६ जानेवारीला, दोन मिनिटं, जिभेखालच्या गोळीनं गेली. त्यानंतर नाही. संध्याकाळी घोटे सुजतात. बोटानं दाबलं की खड्डा पडतो, तो अकरा सेकंदांत भरतो. कॅप्सूल घेतली की तोंड तापून लाल होतं. अंगातल्या बाकीच्या नळ्याही सैलावतात म्हणून होतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, मी ते घरात सांगितलं नव्हतं. चंद्राबाई भाकरी थापता थापता बघत राहिली आणि म्हणाली, "एवड्या वर्सांनी मला बगून लाजाय लागला व्हय?"

पत्र तिनं आकारामकडून ऐकलं होतं. मी परतल्यावर तिसऱ्या दिवशी माझी वही घेऊन आली, पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "मला वाचता येत न्हाई. आता दुकलं की वहीत न्हाई, मला सांगायचं." सव्वीस जानेवारीचं तिला सांगितलं. वहीत लिहिलेलं नाही. वर दिलेली दोन मिनिटं तिच्या आठवणीतली आहेत, माझ्या घड्याळातली नाहीत, तेव्हा डॉक्टरांनी ती अंदाजे धरावीत.

तंबाखू सुटली. पहिले आठ दिवस मी आकारामवर, बैलांवर आणि रेडिओवर ओरडत होतो. बैलांनी सर्वांत जास्त समजूतदारपणा दाखवला.

आता ज्याची तू वाट बघतोयस ते लिहितो.

मी सांगलीत असताना आकारामनं एकोणतीस आदणं उतरवली. माझ्या चौदा सूचनांचा कागद त्यानं घडी घालून टोपीत ठेवला होता, घामानं त्यावरची शाई गेली. थर्मामीटर फडक्यात गुंडाळून खुंटीला टांगून ठेवलं, फुटू नये म्हणून. त्यानं रस बघून, वास घेऊन, थेंब पाण्यात टाकून काम केलं. मी विचारलं, कुठं शिकलास? म्हणाला, "आवं, चौदा वर्सं तुमच्या म्होरं बसून जाळ घालतुया. दुसरं बगाय काय हुतं?" गूळ पिवळाधमक आणि कडक. अडत्यानं दाणा मोडून बघितला आणि म्हणाला, लालासाहेब, यंदा हात बसला म्हणायचा तुमचा. मी सांगितलं, हात माझा नाही. हे वाक्य बोलायला मला काहील ओढण्यापेक्षा जास्त दम लागला, पण दुखलं नाही.

मी गुऱ्हाळावर जातो. त्यांनी मला एक खुर्ची आणून ठेवली आहे, पाहुण्याला ठेवतात तशी. पहिल्या आठवड्यात मी तिच्या कडेवर बसायचो आणि दर दोन मिनिटांनी उठायचो. सगळे माझ्याकडं बघून थांबायचे, आणि रस काही माझ्यासाठी थांबायचा नाही. एक आदण त्यात चिकट झालं. ते माझं, मी कबूल करतो.

काल सकाळी शेवटच्या फडाचा ऊस होता, कोवळा. काहील उकळून बुडबुडे जड झाले होते. माझ्या हिशेबानं उतरायला अजून मिनिटभर अवकाश होता. आकारामनं पाण्यात थेंब टाकला, बोटांनी गोळी वळली आणि माझ्याकडं बघितलं. साताठ माणसं काहिलीच्या कड्यांना हात घालून उभी होती. मला उठायचं होतं. पायांत बळ होतं, छातीत काही नव्हतं, आणि एक अंशाची चूक मला बसल्या जागेवरून वासावर कळत होती.

मी बसून राहिलो. म्हणालो, "माझ्याकडं काय बगतुयास? गुळव्या तू हाईस."

त्यानं काहील उतरवली.

लालासाहेब